पहिली कालवं

गेली अकरा वर्षं मी वाढीचे अहवाल लिहिते. पुठ्ठ्याच्या खोक्यांची वाढ, म्हाताऱ्या माणसांच्या डायपरची वाढ, लिफ्टच्या दोरांची वाढ, कुत्र्यांच्या खाण्याची वाढ. बंगळुरूत, महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसून मी हे सगळं वाढवते. यातली एकही वस्तू मी बनताना पाहिलेली नाही. प्रत्येक अहवालाचा साचा ठरलेला: आधी वाढीला चालना देणाऱ्या गोष्टी, मग अडथळे, मग संधी, आणि शेवटच्या पानावर वर चढत जाणारा हिरवा बाण. बाण खाली वळलेला एकही अहवाल माझ्या हातून गेलेला नाही. तसा गेला तर तो कोणी विकत घेणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं.

मी राहते जे. पी. नगरला. सकाळी कंपनीच्या गाडीत बसायचं, सिल्क बोर्डाच्या चौकात डोळा लागायचा, जाग आली की तोच चौक. संध्याकाळी उलट्या दिशेने हेच. कोणी विचारलं की कशी आहेस, तर मी 'सरी' म्हणून मोकळी होते. हा इथला शब्द फार सोयीचा आहे. बरं, ठीक, चालेल, आता पुरे, सगळं त्यात येतं.

तर गेल्या थंडीत आमच्या टीम लीडने नवा विषय माझ्या टेबलावर टाकला. हा पुण्याचा मुलगा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि मला अगदी पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करणारा.

"अगं, यावेळी मस्त टॉपिक आहे. वेस्ट कोस्टवरचं ऑयस्टर फार्मिंग. ग्रोथ प्रॉस्पेक्ट्स. एकदम फ्रेश. तू कधी खाल्लेत का गं?"

मी म्हटलं, "लहानपणी."

याहून जास्त सांगायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. ज्याला तो ऑयस्टर म्हणत होता त्या कालवांनी माझं बालपण खाल्लं होतं. आमचं गाव खाडीच्या काठावर, सिंधुदुर्गात. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची ओहोटी लागली की पाणी पार आत जायचं आणि खडक उघडे पडायचे. मग आई, माझी मोठी बहीण आणि मी, तिघी गुडघाभर चिखलातून जायचो. खडकाला चिकटलेलं कालव कोयतीच्या टोकाने उचकटायचं, आतला गर डब्यात टाकायचा आणि कवच तिथेच सोडून द्यायचं. कवचाची कड वस्तऱ्यासारखी असते. माझ्या डाव्या तळहातावर अजून तीन पांढऱ्या रेघा आहेत. त्या रेघांना कंटाळूनच मी अभ्यास केला, असं मी कॉलेजात सांगायचे आणि लोक हसायचे. ते खरंच होतं.

आमच्याकडे कालवं कवचासकट कोणी कोणाच्या घरी देत नाही. बाजारातही गरच विकतात. दारात आलेल्या माणसाच्या पुढ्यात कवचं ठेवायची म्हणजे त्याला दगड फोडायला बसवायचं. आणि माहेरवाशिणीला पाठवायची असतील तर विचारूच नका. माझी आत्या मुंबईला दिलेली. तिच्याकडे डबा जायचा तेव्हा आई एकेक गर बोटाने चाचपून बघायची, कचकच राहिली तर नाही ना म्हणून. आत्याचं आधीच पत्र यायचं, की एवढा त्रास घेऊ नका, तशीच पाठवून द्या, मी इथे फोडून घेईन. ते पत्र वाचून आई हसायची आणि कोयतीला धार लावायला घ्यायची. आत्या तसं लिहिणार हे ठरलेलं, आणि आई ते ऐकणार नाही हेही ठरलेलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं लिहिताना हात जड होतो.

माझी बहीण, ताई, त्याच गावात दिली गेली. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, एवढाच तिचा प्रवास. खडकांवर उकिडवं बसून बसून तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चिखलात जायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तिने गावातल्या अकरा बायका जमवल्या, सगळ्याजणी एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या, आणि बाराजणींनी मिळून खाडीत बांबूचा सांगाडा उभा केला. त्याला दोऱ्या टांगायच्या, दोऱ्यांत जुनी रिकामी कवचं ओवायची. पाण्यातली कालवाची पिल्लं त्या कवचांवर येऊन बसतात आणि तिथेच वाढतात. होडीत बसून दोरी वर ओढली की झालं, वाकायला नको, चिखल नको. ताईच्या गुडघ्यांना झेपेल असं हे एकच काम उरलं होतं. ते चाललं नाही तर तिने घरात बसायचं, आणि घरात बसून राहणं म्हणजे काय हे तिला सासूकडे बघून माहीत होतं.

दीड वर्ष त्यांनी त्या दोऱ्या सांभाळल्या. मधल्या पावसाळ्यात खाडीला गोड्या पाण्याचा लोंढा आला आणि अर्धी कालवं मेली. दोन बायका कंटाळून काजूच्या कारखान्यात जायला लागल्या. उरलेल्या नऊजणी ताईकडे बघत होत्या, आणि ताई फोनवर माझ्याकडे.

"बाय, तुझ्या थंय हॉटेला मोठी मोठी आसत ना गो? कोणाक तरी विचार मा."

दर आठवड्याला हे एकच. मी दर आठवड्याला म्हणायचे, बघते. बंगळुरूत 'बघते' म्हणजे काय ते मला माहीत होतं, तिला नव्हतं.

आणि आता हा अहवाल आला होता. जी मंडळी तो आमच्याकडून करून घेत होती त्यांना किनाऱ्यावरची एक खाडी निवडायची होती. जिथे आधीच थोडीफार शेती चालू आहे अशी जागा. तिथे ते पिल्लं पुरवणार, कालवं स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायची टाकी बांधणार, आणि इथल्या एका मोठ्या हॉटेलाशी कायमची खरेदी ठरवून देणार. चार खाड्यांची नावं आम्ही सुचवायची होती. तीन मी रीतसर शोधून काढली. चौथी आमची घातली. ती माझ्या बहिणीची आहे हे मी टीम लीडला सांगितलं नाही. उगाच प्रश्न नकोत, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्या ऑफिसात चिखलातली मुलगी व्हायचं नव्हतं.

मग बैठक ठरली. एका गुरुवारी चारही ठिकाणची कालवं ऑफिसात यायची होती, हॉटेलचा आचारी येऊन बघणार होता. प्रत्येकी दोन डझन, कवचासकट, जिवंत. हॉटेलात ती कच्ची खातात, तिथल्या तिथे उघडून, लिंबू पिळून. गावाकडे हे ऐकलं असतं तर बायकांनी तोंडाला पदर लावला असता.

मी एक कागद तयार केला. मराठीत, मोठ्या अक्षरात. कालवं उघडायची नाहीत. ब्रशने वरून घासायची. ओल्या गोणपाटात गुंडाळायची. खाली बर्फ, वर गोणपाट, बर्फाचं पाणी कालवांना लागू द्यायचं नाही. दोन डझन, त्याहून जास्त नकोत. बुधवारी दुपारच्या गाडीने निघाली पाहिजेत. कागदाचा फोटो ताईला पाठवला आणि वर फोन केला.

"ताई, वाचलंस का? चार माणसं येणार आहेत चव बघायला. कवचासकट हं. उघडू नका. उगाच त्रास घेऊ नका."

ती हसली. "होय गो बाय, समाजला."

त्या हसण्याकडे माझं लक्ष गेलं नाही. मी गाडीत होते, शेजारचा माणूस मोठ्याने हिंदीत कोणालातरी समजावत होता, आणि माझ्या डोक्यात शनिवारपर्यंत द्यायचा दुसरा अहवाल होता. फ्रीजच्या रबराचा.

गुरुवारी सकाळी सातला मी राजाजीनगरच्या पार्सल ऑफिसात पोचले. किनाऱ्याकडून येणाऱ्या बसचं सामान तिथे उतरतं. पार्सलवाल्याने थर्माकोलचा डबा काउंटरवर ठेवला आणि नाक किंचित मुरडून म्हणाला, "स्वल्प वासने, अक्का." वास येतोय थोडा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मासे आहेत, समुद्राचाच वास येणार.

पण डबा फार मोठा होता. दोन डझनांचा नव्हता. उचलला तर आत काहीतरी पाणी हलल्यासारखं हललं. मी तो परत काउंटरवर ठेवला आणि चिकटपट्टी नखाने ओढून काढली.

आत बर्फ होता. बर्फात ताईच्या लग्नातला मोठा पितळी डबा होता, कडीचा. झाकण उघडलं. डबा काठोकाठ कालवांनी भरलेला होता. नुसता गर. राखाडी, लुसलुशीत, एकेक सुटं, खाडीच्या पाण्यात ठेवलेलं. कवचाचा एक कपचासुद्धा नाही. बाजूला केळीच्या पानात बांधलेली सोलं होती आणि ताईच्या हाताचं वाटलेलं मालवणी मसाल्याचं पुडकं.

मी तिथेच, पार्सलवाल्याच्या समोर, तिला फोन लावला.

"ताई, हे काय केलंत? उघडलीत?"

"पोचली काय? बरां झाला. बर्फ ऱ्हवलो मा?" ती इतकी खूश होती की मला बोलायला जागाच मिळेना. "परवा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसललंव, धाजणी. एक कपचो गावलो तर सांग. तुका थंय कोयती खयसून गावतली?"

"मी लिहिलं होतं ना, कवचासकट म्हणून?"

"तां तू म्हणतलंसच गो." ती पुन्हा तशीच हसली. "आत्या काय लिवायची नाय? म्हणान आमी काय दगड धाडतलंव? तुझ्या घराक चार माणसा येतली चव बघूक, तेंच्या फुड्यात काय वाढशीत?"

"पण दोन डझन सांगितली होती..."

"दोन डझन फोडली तर मूठभर होतत. मूठभर कोण धाडता? पयला पीक आमचा. मोठी होती ती सगळी काढली. ल्हान ऱ्हवलीहत, ती पावसानंतर मोठी जातली. ती हॉटेलाक."

मला ओरडायचं होतं. अगं बाई, दीड वर्ष पाण्यात वाढवलेलं सगळं पीक एका दुपारी फोडून माझ्या डब्यात भरलंस! त्यातलं एक, फक्त एक कवच मिटलेलं राहिलं असतं तरी मी ते त्या आचाऱ्यापुढे धरलं असतं. पण मागून बायकांचे आवाज येत होते. कोणीतरी विचारत होतं, काय म्हणता ती, काय म्हणता? आणि ताई त्यांना सांगत होती, पोचली, पोचली.

मी म्हटलं, "छान आहेत." आणि फोन ठेवला.

रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "एनु अक्का, मीना?" मी हो म्हटलं, मासेच. त्याने दोन्ही बाजूंचे पडदे गुंडाळून वर बांधले.

ऑफिसात बाकीचे तीन डबे आधीच येऊन पडले होते. तिन्हींत ओलं गोणपाट, त्यात चिखल घासून काढलेली कालवं, घट्ट मिटलेली. टीम लीडने आमचा पितळी डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अगं, शेलच नाहीयेत. मग टेस्ट काय करणार? यांना इन्स्ट्रक्शन्स पाठवल्या होत्यास ना?"

"पाठवल्या होत्या."

"मराठीत?"

"मराठीत."

"मग वाचता येत नसेल." तो तुच्छतेने म्हणाला नाही. सहज म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. माझी बहीण सातवीपर्यंत वर्गात पहिली होती. मी डबा उचलून बाकीच्या तिघांशेजारी ठेवला. बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आचारी आला. सभ्य माणूस होता. तीन ठिकाणची कालवं त्याने हातमोजे घालून उघडली, वास घेतला, चाखली, वहीत लिहिलं. आमच्या डब्यापाशी आला तेव्हा त्याने त्यातला एक गर चमच्यावर घेतला, उजेडात धरला आणि हिंदीत म्हणाला की इतकं सफाईने काढलेलं त्याने आजवर पाहिलं नाही, त्याच्या स्वयंपाकघरातल्या पोरांना हे हात शिकवायला आणले पाहिजेत. मग चमचा खाली ठेवला. उघडलेलं त्याला चालत नव्हतं. कधी उघडलं, कुठल्या पाण्यात ठेवलं, कशाचाच भरवसा नाही. त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मी दुसरी तारीख मागून पाहिली. टीम लीड म्हणाला, चार ऑप्शन्स आहेत, तीन बरोबर आलेत, चौथ्यासाठी क्लायंटला कशाला थांबवायचं? शिवाय पाठवायला आता होतं काय? पावसानंतर मोठी होणारी लहान कालवं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ती शिजवली. नवरा बेळगावकडचा, त्याला कालवांचं कौतुक असायचं कारण नव्हतं, पण दोनदा मागून घेतली. चव तीच होती, आईच्या हातची. तेवीस वर्षांत मी ती खाल्ली नव्हती. कढईत अर्ध्याहून जास्त उरली. बाराजणींपैकी दहाजणींनी दीड वर्ष राबून वाढवलेली, आणि आम्ही दोघं जेवणारे. उरलेली मी खालच्या मजल्यावरच्या मंगळूरकडच्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी डबा धुऊन त्यात साखर घालून परत पाठवला. असला रिवाज जाणणारं माणूस या इमारतीत आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

अहवाल पुढच्या सोमवारी द्यायचा होता. तिसरी खाडी निवडली गेली. मी 'अडथळे' या मथळ्याखाली लिहिलं की लहान उत्पादक गटांना बाजाराच्या गरजांची पुरेशी जाण नाही, दिलेल्या सूचनांचं पालन होत नाही, प्रशिक्षणाची निकड आहे. इंग्रजीत हे वाक्य फार सहज लिहून होतं. त्याखाली 'संधी', आणि शेवटी हिरवा बाण, वर जाणारा. प्रदेशातल्या शिंपल्यांच्या शेतीला उज्ज्वल भवितव्य आहे. टीम लीडने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

ताईला सांगायला मी पंधरा दिवस लावले. रोज ठरवायचे, आणि गाडीत डोळा मिटायचा. तिचाच फोन आला शेवटी. आधी गुडघ्यांचं झालं, मग जावयाचं, मग ती मुद्द्यावर आली.

"हॉटेलवाले काय म्हणाले गो? आवडली तेंका?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. की चव बघायला माझ्या घरी कोणी येणार नव्हतं. की त्यांना मिटलेलीच हवी होती, ते ती कच्ची खातात. की दुसऱ्या खाडीला काम मिळालं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं लाइन गेली.

"ताई?"

"आसंय गो." मग अगदी हळू, लहानपणी माझ्या हाताला कवच कापलं की विचारायची त्या आवाजात, ती म्हणाली, "म्हणजे तू खराच कवचासकट सांगललंस?"

ती मला दोष देत नव्हती, तेच सहन होईना. तिला फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं, की माहेरवाशीण बोलली ते माहेरवाशीण म्हणून बोललीच नव्हती.

पावसाळा आता तोंडावर आहे. ताई म्हणते, दहातल्या सहाजणी उरल्यात, लहान कालवं दोरीवर आहेत, लोंढा आला नाही तर बघू. मीही म्हणते, बघू. पितळी डबा माझ्याकडेच आहे, तो तिने परत मागितलेला नाही.

त्या कागदाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. परवा गाडी सिल्क बोर्डाला अडकली तेव्हा पुन्हा काढून वाचला. बर्फ कुठे, गोणपाट कसं, ब्रश कसा फिरवायचा, किती, केव्हा, सगळं नीट लिहिलंय, कोणालाही कळेल असं. ही कालवं माझ्यासाठी नाहीत, एवढी एकच ओळ त्यात नाही.